गोळी वर्मी लागावी म्हणून: अमेरिकेत हरणाच्या शिकारीला निघालेल्यांसाठी

थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात मला दोन-तीन फोन हमखास येतात. "दादा, गोळी लागली. रक्तही पडलंय. पण हरीण सापडत नाही." नेम कुठे धरला होता असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "खांद्याच्या मागे, चित्रात दाखवतात तिथेच." मग मी विचारतो, "हरीण उभं कसं होतं?" इथे पलीकडचा गप्प होतो.

चूक बहुतेक वेळा इथेच असते. लोक कातडीवरचा एक ठिपका पाठ करतात आणि हरीण कोणत्याही कोनात उभं असो, त्याच ठिपक्यावर गोळी टाकतात. गोळी शरीरातून सरळ रेघ ओढत जाते, त्यामुळे ती शिरते कुठे याच्याइतकंच ती निघते कुठून यालाही महत्त्व आहे. ही रेघ दोन्ही फुप्फुसांमधून गेली तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. चुकली तर ते तासन्‌तास तडफडतं आणि बऱ्याचदा तुमच्या हातीही लागत नाही.

हा लेख पेनसिल्व्हेनियातल्या व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या रायफल-शिकारीपुरता आहे, कारण मी तीच करतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे यातलं काहीही गावी जाऊन करून बघायचं नाही. धनुष्यबाणाचं तंत्र वेगळं आहे, तेही यात नाही.

१. आधी कागद, मग बंदूक

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि आपल्या लोकांसाठी जास्तच. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारण बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्या बंदीला असलेल्या अपवादांपैकी एक. मित्राची बंदूक नेमबाजीच्या मैदानावर पाच मिनिटं हातात धरली, तरी ते "बाळगणं" ठरू शकतं. म्हणून आधी शिकार-शिक्षणाचा वर्ग, मग परवाना, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

भगव्या रंगाचा नियमही वाचून ठेवा. पेनसिल्व्हेनियात रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झळाळता नारिंगी कपडा अंगावर लागतो, आणि तो चहूबाजूंनी दिसायला हवा. वस्तीतल्या इमारतींपासून १५० यार्डांच्या आत मालकाच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही.

२. आतली रचना खाटकाकडे जाऊन शिका

चित्रं बघून शरीररचना डोक्यात बसत नाही. त्यापेक्षा जिथे अख्खा बोकड मिळतो त्या हलाल दुकानात जा, आणि खाटकाला सांगा की बोकड साफ करताना मला बघू दे. बोकड आणि हरीण दोघंही रवंथ करणारे, आतली मांडणी जवळपास तीच. एका शनिवारी अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं दहा व्हिडिओ पाहून कळत नाही. नीट बघायच्या गोष्टी अशा:

हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली आणि पुढे असतं. ते पुढच्या दोन पायांच्या मधोमध, कोपराच्या पातळीला, छातीच्या तळाशी टेकलेलं असतं. "पायाच्या मागे हृदय" ही समजूत चुकीची आहे.

फुप्फुसं हृदयाच्या वर आणि मागे पसरलेली असतात. हेच तुमचं खरं लक्ष्य. हृदय मुठीएवढं, दोन्ही फुप्फुसं मिळून व्हाइटटेलमध्ये साधारण आठ इंच व्यासाचा गोल भरतो. गोळी थोडी इकडे-तिकडे झाली तरी चालेल अशी जागा ही एकच.

फुप्फुसांच्या मागे पातळ स्नायूचा पडदा असतो. पडद्याला चिकटून यकृत, म्हणजे आपली कलेजी. त्यामागे वजडी, म्हणजे पोट. वजडी बरीचशी डाव्या बाजूला असते आणि यकृत उजवीकडे. म्हणजे गोळी चार बोटं मागे गेली तर डावीकडून बहुधा वजडी फुटते आणि उजवीकडून यकृत. हे लक्षात ठेवा, आठव्या टप्प्यात याची गरज पडेल.

आता सगळ्यात फसवी गोष्ट: पाठीचा कणा. बाहेरून पाहिलं की वाटतं कणा पाठीच्या कडेलाच असेल. प्रत्यक्षात खांद्यापाशी मणक्यांवरचे उंच हाडाचे काटे आणि मांस कण्याच्या वर बरंच उभं असतं, त्यामुळे कणा तिथे पाठीच्या रेषेपासून चांगलाच खाली आहे. गोळी या काट्यांमधून गेली की हरीण धप्पकन पडतं. शिकारी आनंदाने बंदूक खाली ठेवतो, सिगारेट शोधतो, आणि मिनिटभराने हरीण उठून पळून जातं. मी हे दोनदा पाहिलंय. एकदा बंदूक माझीच होती.

*तपासा:* डोळे मिटून हरीण आडवं उभं आहे असं समजा. छातीच्या खालच्या कडेपासून पाठीपर्यंत उंचीचे तीन भाग करा. हृदय सगळ्यात खालच्या भागात, फुप्फुसांचा मुख्य भाग मधल्या भागात, कणा आणि काटे वरच्या भागात. म्हणून नेम खालच्या आणि मधल्या भागाच्या सीमेवर. थोडं खाली गेलं तर हृदय, थोडं वर गेलं तर फुप्फुसाचा मध्य.

३. रायफल, गोळी आणि तुमची स्वतःची मर्यादा

काडतूस कोणतं यावर लोक रात्र रात्र भांडतात. .२४३, .३०८, .३०-०६ यांतलं काहीही हरणाला पुरतं. ज्याचा धक्का तुम्हाला घाबरवत नाही ते घ्या, कारण धक्क्याच्या भीतीने चाप झटकला जातो आणि नेम सरकतो. गोळी मात्र शिकारीसाठी बनवलेली, आत शिरल्यावर फुलणारी हवी. पूर्ण तांब्याच्या वेष्टनातली लष्करी धाटणीची गोळी फुलत नाही. ती बारीक भोक पाडून आरपार जाते आणि रक्ताचा मागही धड देत नाही.

शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे जखमेपासून दूरच्या मांसातही जातात. घरात लहान मुलं जेवणार असतील तर पूर्ण तांब्याची गोळी घ्या, असं माझं मत आहे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. पण गोळी बदलली की नेम पुन्हा बसवावा लागतो. त्याच वजनाची गोळी आहे म्हणून तिथेच लागेल असं धरून चालू नका.

नेम बसवण्याचा क्रम:

पहिल्यांदा स्कोपच्या, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीच्या, कड्यांचे स्क्रू तपासा. अर्ध्या "बिघडलेल्या" रायफली सैल स्क्रूच्या असतात. मग टेकू देऊन १०० यार्डांवर तीन गोळ्या, त्यांचा मध्य काढा, स्कोप फिरवा. बहुतेक स्कोपच्या फिरकीची एक टिचकी नेम १०० यार्डांवर पाव इंच सरकवते. एका गोळीवरून स्कोप फिरवायचा नाही. तुम्ही रायफलीचा दोष काढताय की स्वतःचा, हे एका गोळीत कळत नाही.

नंतर टेबल सोडा. हे लोक करत नाहीत. जंगलात टेबल नसतं. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, हातमोजे आणि जाड जाकीट घालून मारून बघा. सहा इंचांची कागदी ताटली लावा. वर्माचा गोल आठ इंचांचा असला तरी थंडी, धडधड आणि हरणाची हालचाल यांसाठी दोन इंच हातचे ठेवायचे. पहिली गोळी थंड नळीतून जाते आणि हरणावरही तीच जाणार आहे, म्हणून वेगवेगळ्या दिवशी जाऊन दिवसाची फक्त पहिली गोळी मोजा. ज्या अंतरावर अशा दहाच्या दहा गोळ्या ताटलीत पडतात, तेवढी तुमची मर्यादा. माझी बसून १५० यार्ड आहे. शेजारच्या टेबलावरचा ४०० म्हणतो. म्हणू दे.

गोळी किती खाली येते याचा अंदाजही हवा. १०० यार्डांवर नेम बसवलेली, १५० ग्रेन वजनाची .३०८ची गोळी साधारणपणे २०० यार्डांवर चार इंच खाली लागते, ३०० वर फूटभराहून जास्त. म्हणजे अंतराचा अंदाज चुकला तर २०० पर्यंत गोष्ट निभावते, ३०० वर वर्माचा गोल पूर्ण हुकतो. अंतर मोजणारं यंत्र वापरा. उतारावर मारताना जमिनीवरचं आडवं अंतर धरतात: ३० अंशांच्या उतारावर यंत्र सरळ रेषेत ३०० दाखवत असेल तर हिशेब २६०चा करायचा. नवी यंत्रं हे स्वतः करतात. तुमचं करतं का, ते पाहून ठेवा.

*इशारा:* गाडीतून रायफल पडली, आपटली किंवा विमानातून आली, तर शिकारीआधी एक गोळी कागदावर. अपवाद नाही.

४. बसायची जागा आणि मागची माती

उजाडण्याआधी पोहोचा. शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते, पण अंधारात शिंगं आणि फांद्या यांत फरक दिसत नसेल तर कायद्याने वेळ झाली असली तरी तुमची झालेली नाही.

झाडावरच्या मचाणावर चढताना पट्टा अंगात घालून तो जमिनीपासूनच दोरीला अडकवा, रायफल रिकामी करून मागून दोरीने वर ओढा. मग बसल्यावर पहिलं काम: कुठल्या दिशेला गोळी जाऊ शकते हे ठरवून टाका. टेकडीचा उतार, ओढ्याची दरड, अशी माती जिकडे मागे आहे तिकडेच. आकाशाच्या रेषेवर उभ्या हरणावर कधीही गोळी नाही. फुप्फुसातून गेलेली गोळी अनेकदा आरपार निघते, आणि ती पुढे कुठे थांबणार हे तुम्हाला आधी माहीत हवं.

दोन-तीन झाडांची अंतरं यंत्राने मोजून ठेवा. हरीण आल्यावर यंत्र डोळ्याला लावायला सवड मिळेलच असं नाही.

५. हरीण कसं उभं आहे?

सगळा लेख या टप्प्यासाठी आहे. एकच सवय लावा: आधी पलीकडच्या बाजूचा पुढचा पाय शोधा. गोळी निघाली पाहिजे ती त्या पायाच्या आसपासच्या छातीतून. निघायची जागा ठरली की तिथून तुमच्या नळीपर्यंत मनातल्या मनात रेघ मागे ओढा. ती अलीकडच्या कातडीला जिथे छेदते, तिथे नेम.

आडवं उभं: सगळ्यात चांगलं. अलीकडच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर जा, खालचा तिसरा भाग संपतो तिथे थांबा. फक्त खुराकडे बघून रेघ ओढू नका. हरीण चालताना पाय पुढे-मागे होतो आणि रेघही सरकते. कोपराच्या वर अंगावर जी घडी दिसते, ती धरा. अलीकडचा पाय पुढे पडलेला असेल तर छाती उघडी मिळते. अशा क्षणाची वाट बघायला हरकत नाही.

तिरपं, तोंड पलीकडे: हेही उत्तम, काही अनुभवी लोक याला आडव्यापेक्षाही वरचढ मानतात. पण पाठ केलेला ठिपका इथे कामाचा नाही. पलीकडच्या पायाकडे रेघ ओढली की नेम बरगड्यांवर बराच मागे सरकतो. तो मागे दिसतो म्हणून घाबरू नका, गोळी पुढे जाणार आहे. मात्र कोन इतका तीव्र असेल की नेम शेवटच्या बरगडीच्याही मागे येतोय, तर गोळीला आधी वजडी ओलांडावी लागेल. थांबा.

तिरपं, तोंड तुमच्याकडे: माझं पहिलं हरीण असंच उभं होतं. ८० यार्ड, सोपं वाटलं. मी पाठ केल्याप्रमाणे खांद्याच्या मागे नेम धरला. गोळी तिथे अचूक लागली आणि एका फुप्फुसाची मागची कड चाटून, यकृत फोडून, पलीकडे वजडीतून निघाली. नेम बरोबर, रेघ चुकीची. या कोनात खांद्याच्या मागे मारणं ही नवशिक्यांची सगळ्यात सामान्य चूक आहे. कोन थोडाच असेल, गोळी दणकट असेल, तर अलीकडच्या खांद्यावर, थोडं पुढे मारता येतं. कोन जास्त असेल तर सोडून द्या. हरीण वळतं. तुमच्याकडे तोंड करून उभं असलेलं हरीण तुम्हाला पाहतही असतं, पण पापणीसुद्धा न हलवता बसलात तर मिनिटभरात ते बहुतेक वेळा मान खाली घालतं.

थेट समोरून आणि थेट पाठीमागून: नाही. समोरून वर्माचा भाग अरुंद, दोन्ही बाजूंना खांद्याची हाडं. पाठीमागून गोळी मारणं म्हणजे पुठ्ठे आणि वजडी यांची नासाडी.

डोकं आणि मान: "लगेच मरतं आणि मांस वाचतं," असं सांगणारे भेटतील. डोकं सतत हलतं आणि मेंदू लिंबाएवढा. दोन इंच खाली गेलं की जबडा तुटतो. तुटक्या जबड्याचं हरीण पळून जातं, खाऊ शकत नाही आणि उपासमारीने मरतं. ते कुणाला सापडत नाही, म्हणून ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या हिशेबात येत नाही.

बसलेलं: पाय दुमडलेले, छाती दबलेली, ठिपक्याच्या सगळ्या खुणा हललेल्या. उठेपर्यंत थांबा.

चालणारं, पळणारं: पळणाऱ्यावर कधीच नाही. चालणाऱ्याला तोंडाने हलकंसं "बेंऽ" केलं की ते बहुधा थबकतं. चारचौघांत बोकडाचा आवाज काढायची लाज वाटत असेल तर गाडीत सराव करा. ते थांबेल तेव्हा नेम आधीच लागलेला हवा. थबकलेलं हरीण दोन-तीन सेकंदच देतं.

मचाणाच्या अगदी जवळ, खाली: वीस फुटांवरून खाली मारताना गोळी उतरत जाते. ठिपका थोडा वर घ्या, म्हणजे ती पलीकडच्या छातीच्या खालच्या भागातून निघेल. जवळजवळ पायाखाली असेल तर एकच फुप्फुस मिळतं आणि एका फुप्फुसावर हरीण बरंच दूर जातं. पुढे जाऊ द्या.

*तपासा:* मागे दुसरं हरीण उभं आहे का? कळपात नवशिक्याचं लक्ष एकाच जनावरावर खिळतं आणि एका गोळीत दोन जखमी होतात.

६. चाप ओढण्याआधी, याच क्रमाने

१. हे जनावर माझ्या परवान्यात बसतं का?
२. मागे माती आहे का?
३. अंतर माझ्या मर्यादेत आहे का?
४. पलीकडचा पाय कुठे आहे?
५. रायफल टेकलेली आहे का? झाड, गुडघा, पिशवी, काहीही चालेल. फक्त नळी स्वतः कठीण जागेवर टेकवू नका, हात किंवा टोपी मध्ये ठेवा.
६. मध्ये डहाळ्या आहेत का? स्कोपमधून पलीकडचं स्पष्ट दिसतं आणि जवळची काडी दिसतच नाही. एकदा स्कोपच्या वरून डोळ्यांनी बघा.

आता सुरक्षा-खटका उघडा. श्वास अर्धा सोडा, चाप हळूहळू दाबा, आणि गोळी सुटल्यावरही डोळा स्कोपमधून काढू नका. सहांपैकी एका प्रश्नाचं उत्तर "बहुतेक" असं आलं, तर त्याचा अर्थ नाही.

७. गोळी सुटल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

लगेच दुसरं काडतूस नळीत. हरीण उभं असेल आणि छाती दिसत असेल तर पुन्हा मारा. "एकच गोळी" हा अभिमान हरणाच्या जिवावर नको. पडलं असेल तरी मिनिटभर नेम धरून ठेवा, कारण वर सांगितलेले मणक्यांचे काटे.

पळालं, तर ते कसं पळालं ते बघा. हृदय-फुप्फुसावर लागलेलं हरीण अनेकदा मागचे पाय झाडतं किंवा अंग खाली दाबून सुसाट सुटतं, आणि ५०-१०० यार्डांत कोसळतं. वजडीत लागलेलं पाठीला पोक काढतं, शेपूट दाबतं, थोडं पळून हळूहळू चालायला लागतं. शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा, मोबाइलवर जागेचा फोटो काढा, घड्याळ बघा. कान द्या, पडल्याचा आवाज बऱ्याचदा ऐकू येतो.

मग बसून राहा. अर्धा तास. उतरायचं नाही.

८. माग काढणं

आधी हरीण जिथे उभं होतं तिथे जा. जिथे दिसेनासं झालं तिथे धावत जाणं ही चूक नव्वद टक्के लोक करतात (हा माझा अंदाज, मोजलेलं कुणी नाही). पहिल्या जागी केस आणि पहिलं रक्त मिळतं, आणि सगळी माहिती त्यातच असते.

गुलाबी, फेसाळ, बुडबुड्यांचं रक्त: फुप्फुस. अर्धा तास झाला असेल तर निघा.

लालभडक, भरपूर, दोन्ही बाजूंना उडालेलं: हृदय किंवा मोठी रक्तवाहिनी. हेही जवळच असेल.

गडद, काळपट लाल, फेस नाही: यकृत. चार तास थांबा.

हिरवट-तपकिरी, चघळलेल्या पाल्याचे कण, उग्र वास: वजडी. किमान आठ तास. संध्याकाळी मारलं असेल तर सकाळी.

खूप पांढरे केस आणि थेंबभर रक्त: गोळी पोटाखालून चाटून गेली असावी. तरीही निदान दोनशे यार्ड शोधा.

काहीच कळत नसेल, तर वजडी समजून चाला.

थांबायचं का, तेही सांगतो. वजडीत किंवा यकृतात लागलेलं हरीण शे-दोनशे यार्डांवर दाट झाडीत जाऊन बसतं आणि कुणी छेडलं नाही तर तिथेच मरतं. मी त्या पहिल्या हरणाच्या मागे तासाभरात टॉर्च घेऊन निघालो. ते उठलं. रक्त तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडे सापडलं, तोवर कायोटींनी (कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्यांनी) अर्धं खाल्लं होतं. पाऊस येणार असेल किंवा दिवस उबदार असेल तर थांबणं जिवावर येतं, हे खरं. तरीही वजडी फुटलेल्या हरणाला हुसकावल्याने फायदा झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

माग काढताना रक्ताच्या बाजूने चाला, रक्तावरून नको. प्रत्येक थेंबापाशी कागदाचा तुकडा किंवा नारिंगी फीत लावा. रक्त संपलं की मागे वळून फितींची रांग बघा, दिशा दिसते. दोघेच पुरेत, पाच मित्र आले की पुरावा पायाखाली जातो. पेनसिल्व्हेनियात दोरीला बांधलेलं माग काढणारं कुत्रं वापरायला परवानगी आहे, आणि तसं कुत्रं बाळगणाऱ्यांचे फोन हंगामाआधीच मिळवून ठेवा. माग दुसऱ्याच्या जमिनीत शिरला तर थांबा आणि मालकाला विचारा.

९. जवळ जाणं

मागच्या बाजूने, पाठीकडून जा. मेलेल्या हरणाचे डोळे सहसा उघडे आणि निस्तेज असतात. मिटलेले असतील तर ते जिवंत असण्याची शक्यता जास्त. लांब काठीने बुबुळाला हलकेच स्पर्श करा. पापणी हलली तर दोन पावलं मागे, छातीत आणखी एक गोळी, खाली माती आहे याची खात्री करून. चाकू घेऊन गळ्याशी जाऊ नका. खुरांनी माणसं जखमी होतात.

मेल्याची खात्री झाली की रायफल रिकामी करा. जनावर हलवण्याआधी टॅग (शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी) भरून त्याला लावा. फोटो नंतर. इथे दहा दिवसांत नोंदही कळवावी लागते.

१०. उघडताना गोळीची रेघ बघा

थंडी असो वा नसो, आतलं लवकर काढा. चाकूचं पातं वर करून, दोन बोटांनी कातडी उचलून धरत कापत जा, नाहीतर वजडी फुटते आणि चांगलं मांस वास मारतं. हातमोजे घाला. राज्याने हरणांच्या मेंदूच्या रोगासाठी जाहीर केलेल्या क्षेत्रात तुम्ही असाल तर डोकं आणि पाठीचा कणा त्या क्षेत्राबाहेर न्यायचे नियम आधी वाचा, आणि तपासणीसाठी डोकं ठरलेल्या पेटीत टाका.

आणि इथे घाई करू नका. शिरलेलं भोक शोधा, बोट घाला, दुसरीकडे निघालेलं भोक शोधा. मध्ये काय फुटलं ते बघा: दोन्ही फुप्फुसं, की एकच? यकृताला कड लागली का? तुम्ही मनात ओढलेली रेघ आणि ही रेघ किती जुळली? माझ्या गाडीत एक शंभर पानी वही असते. तारीख, अंतर, हरणाची ठेवण, कुठे शिरली, कुठून निघाली, किती यार्ड पळालं, एवढंच. पहिल्या पानावर ओढ्यापलीकडचं ते हरीण आहे आणि निघाल्याच्या रकान्यात "वजडी" लिहिलंय.